आतेच्या शेताचा नमुना

मी माती तपासते. रोह्यातल्या एका लहानशा माती परीक्षण प्रयोगशाळेत गेली वीसेक वर्षं माझा हाच उद्योग आहे. राहते वरश्याला, तिथून स्कूटरने दहा मिनिटांत टेबलावर. टेबलावर मातीच्या पिशव्यांचा ढीग आणि समोर कोणीतरी शेतकरी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला. माझा स्वभाव तापट आहे हे मीच सांगून टाकते, कारण ऑफिसात कोणालाही विचारलं तरी तेच सांगतील. "बाईंचा पारा मीटरच्या आधी चढतो," असं आमचा शिपाई म्हणतो, आणि मी ऐकते आहे हे बघून म्हणतो.

पण पारा चढेल नाही तर काय. लोक ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणतात, तिला वास सुटलेला असतो. कोणी उकिरड्याच्या कडेची काळी कुळकुळीत माती आणतात, कारण ती दिसायला चांगली. मुलगी दाखवताना ठेवणीतली साडी नेसवतात, तसा प्रकार. मग मी सुरू होते. काका, मला तुमचं शेत तपासायचंय, तुमचा उकिरडा नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, प्रत्येकातली मूठभर माती एकत्र करा, मोठे खडे आणि मुळं काढा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत आणा. एवढं सांगूनही पुढच्या वेळी पुन्हा प्लास्टिक.

माती ओळखायला मला प्रयोगशाळेने नव्हे, माझ्या आतेने शिकवलं. आई लवकर गेली, आणि दहावीपर्यंत मी आतेकडे पेणजवळच्या जोह्याला वाढले. जोह्याला घरटी गणपतीचा कारखाना. आते लग्न होऊन आली तेव्हापासून एका कारखान्यात माती तयार करण्याचं काम करते. मूर्तीला हात लावणारे, डोळे आखणारे वेगळे, त्यांची नावं होतात. माती तयार करणाऱ्या बाईचं नाव होत नाही. पण माती बिघडली तर वाळताना मूर्तीचा हात तडकतो, आणि तेव्हा मात्र सगळे तिच्याकडेच बघतात. तिच्या मातीच्या मूर्तीचा हात तडकलेला मला आठवत नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना ती मला ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करायला लावायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायला सांगायची. वळी न तुटता गोल झाली तर माती चिकण. चिरा पडल्या तर वाळू जास्त. पुढे कृषी पदविकेला आमच्या सरांनी वर्गात नेमकं हेच करून दाखवलं आणि "मातीचा पोत ओळखण्याची शास्त्रीय पद्धत" असं फळ्यावर लिहिलं. मला हसू फुटलं. सरांनी मला बाहेर काढलं. सुट्टीत घरी गेल्यावर आतेला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तुझ्या सराला हिकडं आन कामाला. माणूस कमी हाय."

आतेचं एक शेत आहे, गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडे. खारं पाणी आत येऊ नये म्हणून तिथे मातीचा बांध घातलेला असतो, आणि शेतातलं जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात फळ्यांचं दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या उधाणाला तो बांध फुटला. गावकऱ्यांनी पुन्हा बांधेपर्यंत दोन हंगाम आतेच्या शेतात खाडी येत-जात राहिली. जिथे भात डोलायचं तिथे निवट्या, खाडीच्या चिखलातले बोटभर मासे, उड्या मारायला लागल्या.

आतेचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. वाईट नाही. आईला जपतो. पण शेतात त्याचा जीव नाही, आणि तिथे कोळंबीसाठी तलाव खणायला मागणारी माणसं त्याच्याकडे येऊन गेली होती. तलाव एकदा खणला की ते शेत पुन्हा शेत होत नाही. आतेला ते नको होतं. तिचे यजमान त्या शेतात राबले, त्यांच्या माघारी तिने एकटीने ते लावलं, कारखान्यातून सुटून संध्याकाळी बांधावर जायचं हा तिचा विसावा. ती त्याच्याशी भांडली नाही. भांडण हा आमच्या घरात माझा प्रांत.

शेवटी माझ्यासमोरच, जेवता जेवता ठरलं. आतेभाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही माती तपासा. कागदावर आलं की लावण्यासारखी हाय, तर यंदा लावू. नायतर तलावाला देऊ. आई, चालंल?"

आतेने माझ्याकडे बघितलं. "हिचा कागद व्हय ना? मंग चालंल."

त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला, ते आज लिहिताना लाज वाटते.

एप्रिलमध्ये आतेभावाने शिफ्टला येताना नमुना आणून दिला. जुन्या लुगड्याची, हाताने शिवलेली पिशवी होती. आत राखाडी माती, मैद्यासारखी मऊ. खडा नाही, मुळाचा तुकडा नाही, शिंपल्याची कपची नाही. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि मलाच गहिवरून आलं. ऑफिसात सगळ्यांना बोलावून दाखवली. म्हटलं, बघा, नमुना असा असतो, ही माझी आते. शिपायालासुद्धा हात लावायला लावला. वीस वर्षं मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते एका अंगठा उठवणाऱ्या बाईने न सांगता केलं होतं.

खारटपणा मोजायची आमची रीत साधी आहे. माती पाण्यात ढवळायची, ठेवायची, मग त्यात मीटरची कांडी बुडवायची. मातीतलं मीठ पाण्यात उतरतं. मीठ जास्त असेल तर आकडा चढतो. आतेच्या मातीचा आकडा चढलाच नाही. मी तीनदा बघितला. मग कागदावर लिहिलं, क्षार सुरक्षित मर्यादेत, भात लागवडीस योग्य. खाली माझी सही. साहेबांची सही घ्यायलाही धावत गेले.

आतेला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, "बरं झालं गो बाय," आणि फोन ठेवला.

जुलैत लावणी झाली. आतेभावाने मला फोनवर फोटो पाठवला. आते चिखलात कमरेत वाकलेली, हातात रोपांची मूठ, तोंडावर हसू. मी तो सगळ्यांना दाखवला. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला.

"ताई, रागावू नका. तुमची मशीन बरोबर हाय ना?"

मी रागावले. मशीन बरोबर आहे, म्हटलं, तुम्हीच काहीतरी घोटाळा केला असेल. बांध झिरपत असेल, खत जास्त पडलं असेल, रोपं जून झाली असतील. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येऊन बघा ना एकदा. आई काय बोलत नाय."

ते "आई काय बोलत नाय" मला लागलं. रविवारी पेणला उतरून जोह्याची एसटी धरली आणि थेट शेतावर गेले. रोपांचे शेंडे करपून तांबडे झाले होते. चार दिवस पाऊस नव्हता, तर जरा उंचवट्याच्या जागी मातीवर पांढुरकी साय आली होती. ती साय काय असते हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. बांध मी टोकापासून टोकापर्यंत चालून बघितला. कुठे झिरपत नव्हतं.

आते माझ्या मागून चालत होती. मी खाली बसून मातीचं ढेकूळ उचललं तशी तीही बसली. तिने त्यातला कण घेऊन जिभेवर ठेवला आणि बाजूला थुंकली.

"खारी हाय," म्हणाली. "लावणीच्या दिवशी पण खारीच लागली व्हती."

"मग लावलीस कशाला आते? पाणी का नाही बदललंस?"

हे पाणी बदलणं खाडीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पावसाचं गोडं पाणी शेतात भरायचं, चिखल ढवळायचा, मीठ पाण्यात उतरू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून ते पाणी सोडून द्यायचं. दोनदा, तीनदा. मगच लावणी. आतेला हे मी सांगावं म्हणजे माशाला पोहणं शिकवण्यासारखं.

"तुझ्या कागदावर तर मीठ नाय असं आलंवतं," ती म्हणाली. "म्हटलं, माजी जीभ म्हातारी झाली आसंल."

 साठ वर्षांची तिची जीभ आणि माझी एक सही, आणि तिने जीभ खोटी मानली. कारण सही माझी होती.

त्या शेतातली माती मी स्वतःच्या हाताने घेतली. सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन तपासली. आकडा चढला तो चढतच गेला. मीटर तपासला, मीटर ठीक होता. कपाटातून एप्रिलची उरलेली माती काढून पुन्हा लावली. आकडा खालीच. एकाच शेतातली माती, एक खारट आणि एक गोडी. मी दिवसभर कोणावर ओरडले नाही. शिपायाने दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत नाही का.

आठवडाभर डोकं खाजवलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा जोह्याला गेले. आते घरी नव्हती. हंगाम अंगावर आला होता, कारखान्यात रविवार नव्हताच. मागच्या पडवीत ती शेवटच्या छोट्या मूर्तींसाठी माती करत होती. मी दारातच थांबले.

तिने पिंपातली पातळ माती फडक्यातून दुसऱ्या पिंपात गाळली. खडे फडक्यात राहिले, ते झटकले. पलीकडे तिने आधी गाळून ठेवलेलं पिंप होतं. त्यात माती तळाला बसली होती आणि वर निवळ पाणी आलं होतं. तिने पिंप अलगद कलतं केलं आणि ते पाणी गटारात सोडून दिलं. माती जराही हलली नाही. हे मी लहानपणी हजार वेळा बघितलं होतं. पण आज माझी नजर मातीवर नव्हतीच, ती गटारात जाणाऱ्या पाण्यावर होती.

"आते," मी म्हटलं, "माझ्याकडे पाठवलेली माती पण अशीच केलीस?"

"मंग?" ती मान वर न करता म्हणाली. "त्या मातीत निस्त्या शिंपल्याच्या कपच्या. तू हातानं चोळनार, बोटं फाटतील. तीन वेळा गाळली. कारखान्याला दोनदाच गाळतंव आमी."

तीन वेळा गाळली. तीन वेळा पाणी निवळू दिलं आणि तीन वेळा वरचं पाणी ओतून दिलं. त्या प्रत्येक पाण्याबरोबर शेतातलं मीठ गटारात गेलं, आणि माझ्या टेबलावर पोचली ती माझ्या बोटांची काळजी घेतलेली माती. नमुना कसा घ्यायचा हे मी जगाला ओरडून सांगते. तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मातीतलं आतेला काय सांगायचं, असं वाटलं होतं. आणि ती पिशवी हातात आल्यावर, खाडीकाठच्या शेतातल्या मातीत एकही शिंपला नाही हे मला खटकायला हवं होतं. मला खटकलं नाही. मी कौतुकात होते.

ती हात धुवायला उठली. "काय झालं गो? चेहरा का आसा?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन लागलं."

बाहेर ढगांचं आभाळ होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या पिंपाकडे, मग चहा टाकायला गेली. चहा पिताना आम्ही दोघी त्या हंगामाच्या मूर्तींबद्दल बोललो.

ओल्या डोळ्यांनी एसटीत बसले. खरं सांगितलं तर शेत आतेच्याच चुकीने गेलं असं होणार. वाक्य कसंही फिरवलं तरी ते तिच्यापर्यंत तसंच पोचणार, आणि ती ते उरलेला जन्म उराशी धरून बसणार. मला ते बघवलं नसतं. शिवाय चूक माझीच होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. गाळणारी बाई तिचं काम चोख करत होती. तपासणारी करत नव्हती.

एक गोष्ट मात्र मला त्या एसटीतच सुचली आणि मी सीटवर सरळ होऊन बसले. ती एप्रिलची माती खोटी नव्हती. आतेच्याच शेताची होती, फक्त तीनदा धुतलेली. म्हणजे ती जमीन धुतली तर गोडी होते, याचा पुरावा माझ्या कपाटात पडून होता. तिने पिंपात मूठभर मातीचं जे केलं तेच उघाडीतून सगळ्या शेताचं करायचं. यंदाचं पीक गेलं होतं. पण पावसाळ्याचे दोन महिने हातात होते, आणि पुढच्या वर्षी लावणी करता आली असती. तोवर शेत तलावाला गेलं नाही तर.

दुसऱ्या दिवशी आतेभावाची सकाळची शिफ्ट होती. सुटल्यावर त्याला कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "चूक माझी आहे. नमुन्यात गडबड झाली, माझ्याकडून झाली, कागद चुकीचा दिला. तुझ्या आईचा यात काही संबंध नाही. एक वर्ष दे. शेत धुऊन काढू, मी स्वतः येईन सुट्टी काढून. नाही झालं तर पुढच्या वर्षी मी तलावाला आडवी येणार नाही."

 त्याने चहा संपवला, हेल्मेट घातलं आणि निघाला. मला वाटलं, संपलं. बोलणारा माणूस परवडतो, गप्प माणसाचं काय करायचं मला कधीच कळलं नाही.

गुरुवारी त्याचा फोन आला. "शनवारी या. खालच्या शेतावर."

शनिवारी गेले तर बांधावर तो होता, आणि थोड्या अंतरावर आते, पदर खोचून उभी. रात्रीच्या पावसाने शेत काठोकाठ भरलं होतं. करपलेली रोपं पाण्याखाली गेली होती. कोणीतरी चिखल ढवळलेला दिसत होता, पाणी गढूळ होतं आणि हळूहळू निवळायला लागलं होतं. आतेचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. माझ्याकडे बघून ती हसली नाही आणि नजरही चुकवली नाही. मला कळलं की तिला कळलं आहे. बहुतेक त्या पडवीतच, माझ्या चेहऱ्यावरून पिंपाकडे नजर गेली तेव्हाच.

आतेभाऊ माझ्याजवळ आला. आईला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात बोलू लागला.

"सोमवारी तुम्ही सांगितलं, चूक तुमची. घरी गेलो तर आई माजी वाट बघत बसलीवती. मनाली, पोरीच्या कागदाला नाव ठेवू नको, मीच माती धुऊन दिली, चूक माजी. आनि वर मनाली, ताईला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

मी आतेकडे बघितलं. ती पाठ करून पाण्यात काठी घालून खोली बघत होती.

"दोन रात्री इचार केला," तो म्हणाला. "तुम्ही मनता चूक तुमची. ती मनते चूक तिची. मंग शेताची तर नाय ना?"

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तो उघाडीवर फळी काढायला गेला. ओहोटी लागली होती.